पहिला माल बाहेर

मला अपशकुनी म्हणणारे आयुष्यात पुष्कळ भेटले. पण त्या ठेकेदाराइतका घाबरट माणूस एकही भेटला नाही.

निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. रस्ते पक्के होत होते, ओढ्यांवर पूल बांधायची कामं निघाली होती. अणदूरच्या अलीकडं एका खोल ओढ्यावर आमची टोळी होती. बेंबळीच्या आठ बाया, त्यांत मी आणि माझी धाकटी जाऊ. माझा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. घरात बसून टोमणे खाण्यापेक्षा उन्हात घमेलं वाहिलेलं बरं म्हणून मी कामाला निघाले, आणि जावेलाही मीच संगं आणलं.

रस्ता वर आणि पुलाच्या पायाचा खड्डा खाली ओढ्यात. भरलं घमेलं घेऊन तो उतार उतरताना पाय घसरायचे. म्हणून म्हाताऱ्या मिस्त्रींनी एक युक्ती काढली. डांबराच्या रिकाम्या पिंपांची बुडं कापली, पिंपाला पिंप जोडून तारांनी आवळलं आणि रस्त्यापासून खड्ड्यापर्यंत नळी केली. वर पत्र्यावर खडी, वाळू, शिमिट कालवायचं आणि तो माल नळीत ओतायचा. खाली बायांनी तो फावड्यानं पसरायचा. आम्हां सगळ्यांना ही युक्ती फार आवडली, मलासुद्धा.

मुहूर्ताच्या दिवशी ठेकेदारानं नारळ फोडला, पिंपांवर खंडोबाचा भंडारा उधळला. पहिलं घमेलं सवाष्णीनं ओतायचं आणि तो पहिला माल पुलाच्या पायातच पडला पाहिजे, ही त्याची रीत. सवाष्ण म्हणून त्यानं माझ्या जावेला पुढं केलं. मला म्हणाला, "तू तिकडं बाभळीखाली जा, अन् पाठमोरी हो." मी बाभळीखाली गेले, पण पाठमोरी झाले नाही.

मिस्त्रींचा सगळा जन्म चुन्यात गेलेला. चुन्याला पाणी दाखवलं की तो खूश. त्याच हिशेबानं त्यांनी चार बादल्या साधं पाणी नळीत सोडलं. जावेनं पहिलं घमेलं ओतलं, सगळ्यांनी येळकोट केला, आणि ती खाली आपल्या जागेवर गेली. वरून माल पडत राहिला. थोड्या वेळानं खाली काहीच येईना. मधल्या जोडात नळी तुंबली होती.

"खालून बडवा!" ठेकेदार ओरडला.

जाऊ नळीच्या खालच्या तोंडाशीच उभी होती. तिनं दांडकं घेऊन पिंप बडवलं. तिसऱ्या-चौथ्या दणक्याला तुंबारा सुटला आणि सगळी खडी तिच्या नडगीवर आली. तिची किंकाळी मी वर ऐकली.

बैलगाडीत घालून तिला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता. तिच्या नवऱ्याला तिथं बसवून मी कामावर परतले, तर सगळ्यांच्या तोंडी एकच: पांढऱ्या कपाळाची समोर उभी होती, दुसरं काय होणार?

मी सरळ ठेकेदारापुढं गेले. "मालक, नारळ तुमचा, भंडारा तुमचा, सवाष्ण तुमीच निवडली. पाय मोडला तो तिचाच. मग माझं कपाळ मधी कुठनं आलं?"

तो थुंकला आणि निघून गेला.

तुंबलेली पिंपं खरवडायचं काम मुद्दाम मला दिलं. बरंच केलं. वरच्या पिंपांना आतून बोटभर शिमिट चिकटलेलं होतं. मधल्या जोडात मात्र नुसती खडी होती, धुऊन ठेवल्यासारखी नागडी. मी तिथंच उकिडवी बसून विचार केला. कोरड्या तव्यावर पहिलं धिरडं फाटतंच, कारण तवा आपला वाटा आधी घेतो. पिंपंही आपला वाटा घेत होती. त्यात आधीच्या पाण्यानं उरलंसुरलं शिमिट धुऊन नेलं, मग खडी एकमेकींत अडकणार नाही तर काय करणार?

हे मी मिस्त्रींना सांगितलं. ते बराच वेळ पिंपात हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "चुन्यात उमर गेली माझी. पान्यावर भागंल वाटलं. चुकलं, बाई." त्या वयाच्या पुरुषानं बाईपुढं चुकलं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

मग आम्ही दोघांनी डोकं चालवलं. शिमिट-वाळूची दाट पेज आधी नळीतून सोडायची. पण उतारावर पेज थांबते कुठं? वरून ओतली की खाली पळाली, पिंपं पुन्हा कोरडीच. मिस्त्री म्हणाले, गोणपाटाचा ओला बोळा दोरीला बांधून आधी नळीत घालू, त्याच्यावर पेज ओतू आणि दोर हळूहळू सोडू, म्हणजे पेज चहूबाजूंनी माखत उतरंल. तिच्या पाठोपाठ लगेच माल. मी म्हटलं, तोवर तोंडाशी कुणी उभं राहायचं नाही. आणि जे पहिलं बाहेर पडेल, ती पेज आणि सुटी खडी, ते पायात पडू द्यायचं नाही. पहिला माल बाहेर. हे ठेकेदाराला कोण सांगणार, असं मिस्त्रींनी विचारलं. मी म्हटलं, सांगायचं कशाला?

तिसऱ्या दिवशी नवा नारळ आला, नवी सवाष्ण घमेलं घेऊन उभी राहिली. तिनं घमेलं उचलायच्या आत मी बोळा नळीत सारला आणि पेज ओतली. मिस्त्री दोर सोडू लागले.

"ए! तुझा हात कशाला लागला?"

"एक न्हाय मालक, दोन्ही लागले," म्हणत मी उतार उतरले. बायांना खड्ड्यातून काठावर चढवलं आणि नळीच्या तोंडाला बाजूनं पत्रा लावला. बोळा आला, पेज आली, तिच्यामागून सवाष्णीच्या घमेल्यातली सुटी खडी. सगळं मी ओढ्याच्या अंगाला वळवलं. वरून ठेकेदार बोंब ठोकत होता, "मुहूर्ताचा माल वढ्यात! शिमिट परमिटावर मिळतंय, लाज हाय का?" मी पत्रा हलू दिला नाही. मग खरा माल आला, घट्ट, एकसारखा, खडीचा दाणा न् दाणा शिमिटात गुरफटलेला. तेव्हाच पत्रा काढला. दिवस मावळेपर्यंत नळी एकदाही तुंबली नाही.

संध्याकाळी ठेकेदाराचा मुकादम निरोप घेऊन आला. "उद्यापास्नं येऊ नगंस. मालक म्हणत्यात, काम चांगलं झालं तरी अपशकुन त्यो अपशकुनच."

मला रडू आलं, रागाचं. काम गेल्याचं दुःख कमी होतं. उद्या हे लोक शिमिट वाचवायला पुन्हा पाणीच ओततील आणि नळीच्या तोंडाशी पुन्हा कुणाची तरी नडगी असेल, हे मला लख्ख दिसत होतं. बायांना तेवढं सांगून मी झोपडीत जाऊन पडले.

सकाळी गाठोडं बांधत होते, तर मुकादम धापा टाकत दारात. "चल बाई. बाया खड्ड्यात उतरंनात. साही जणी काठावर बसल्यात. म्हणत्यात, तिच्या हातची पेज नळीतनं गेल्याबिगर आमी खाली पाय ठिवणार न्हाय. कालची सवाष्णबी त्यांच्यातच बसलीया."

"मालकांनी धाडलं का?"

"त्यांनीच धाडलंय."

"मग त्यांनाच येऊ द्या."

मुकादम मागं फिरला. मी गाठोड्यावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं ठेकेदार आला. सकाळच्या पारी विधवेचं तोंड दिसू नये म्हणून मान खाली घालून, माझ्या पायांकडं बघत म्हणाला, "चल कामावर."

"वर बघून बोला, मालक," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं. मग मी उठले.