मामाच्या बोटीतला लाल दिवा

गेल्या रविवारी दुपारी मी पैठणजवळ, नाथसागराच्या काठाला मामाच्या बोटीत उकिडवी बसले होते. हातात टॉर्च, ओढणी डिझेलने माखलेली... आणि समोर मामी, इंजिनाच्या खोक्यात कमरेपर्यंत आत.

मामाची बोट म्हणजे पक्षी बघायला येणाऱ्यांची बोट. हिवाळ्यात संभाजीनगरहून लोक कॅमेरे घेऊन येतात आणि मामा त्यांना रोहित पक्षी दाखवून आणतो. इंजिन मामाच्याच वयाचं असावं, दोघंही सकाळी खोकल्याशिवाय सुरू होत नाहीत.

मध्यंतरी त्या इंजिनाचा जुना डायनमो गेला. बॅटरी चार्ज करणारा तोच. त्याच्या जागी मामाने बिडकीनच्या सलीमभाईंच्या दुकानातून नव्या पद्धतीचा अल्टरनेटर आणला आणि "त्यात काय एवढं" म्हणत स्वतःच बसवला. बसला मस्त, पट्टाही ताणून... फक्त बॅटरी काही चार्ज होईना.

हे कळलं भर पाण्यात. पक्षी उडू नयेत म्हणून मामाने नेहमीसारखं इंजिन बंद केलं, फोटो झाले आणि मग स्टार्टर नुसता टक टक करून गप्प बसला. मासेमारीवाल्यांनी दोर लावून बोट ओढत आणली. तोवर एका काकांनी घरी फोन करून "कपाटाची चावी कुठंय" तेसुद्धा सांगून ठेवलं होतं म्हणे.

आम्ही हसलो. मामा नाही हसला.

"जिच्यावर माझाच भरवसा नाय, तिच्यात लोकांची लेकरं कशी बसवू?" एवढंच म्हणाला आणि बोट विकायचं ठरवून मोकळा झाला. रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. आयुष्यभर पाण्याकडं तोंड करून चहा पिणारा माणूस त्या दिवशी काठावर पाण्याकडं पाठ करून बसला होता... मला खरंच बघवेना.

मामी गावात शिवणक्लास चालवते. नम्रता वगैरे भानगड तिच्याकडं नाही. "मशीन कोणतंबी असू दे, मला भिऊन असतंय," हे तिचं कायमचं वाक्य. दुपारी जेवणं झाली आणि ती रिळांचा डबा घेऊन सरळ बोटीत चढली. सोबत टॉर्च धरायला मी.

आत बघते तर सगळ्या वायरी तेलाने काळ्या ठिक्कर. लाल कुठली, हिरवी कुठली, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मामीने एकेक वायर बोटाने चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली आणि दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा बांधला. जाडी वायर बॅटरीची, तिला राणी कलर. स्टार्टरच्या वायरीला पोपटी...

मला वाटलं होतं, कंटाळून सोडेल. छे! घाम डोळ्यांत जात होता, पण बाईचा हात कुठं घाई करत नव्हता. मी नुसती बघत राहिले.

शेवटी एक बारीक वायर उरली. तिचं एक टोक डॅशबोर्डच्या मागं लोंबत होतं आणि अल्टरनेटरवरचा बारका स्क्रू रिकामा होता.

"ब्लाउज शिवून झाला आन् तुकडा उरला, तर समजायचं कुठंतरी चुकलं," मामी म्हणाली आणि तिने सलीमभाईंना फोन लावला.

"भाभी, वो पतला वायर लाल बत्ती को जाता. बत्ती हैच नै क्या?" सलीमभाई उडालेच. "डायनमो को बत्ती के बिना चलता था. इसको उसीच बत्ती में से करंट जाना, तब ये जागता!"

मामीने डॅशबोर्डवरचा रोहित पक्ष्याचा स्टिकर नखाने उचलला. खाली दिव्याची लाल काच, पण काचेमागं बल्बच नाही...

मग काठावरूनच मामाने कबूल केलं. तो लाल दिवा लागला की बोटीतले लोक घाबरायचे, बायका देवाचं नाव घ्यायच्या. म्हणून त्याने कधीच बल्ब काढून वर स्टिकर लावून टाकला होता.

"आवं, लोकं भितेत म्हणून कुणी दिवाच काढतं व्हय?" मामी एवढंच बोलली. एरवी तिने याच्यावर आठवडा काढला असता.

आता बल्ब कुठून आणायचा? मामीची नजर फिरत फिरत माझ्या जुन्या स्कूटीवर थांबली. मी "मामी, नाही हं" म्हणेपर्यंत डाव्या इंडिकेटरचा बल्ब तिच्या हातात होता.

वायर जोडली, टेप गुंडाळली. घरून चार्ज करून आणलेली बॅटरी लावली. मामाने बोटीत येऊन चावी फिरवली आणि दिवा लागला... लालेलाल! इंजिन खोकलं, धडधडलं आणि दिवा पटकन विझला.

"गेला!" मामाचा चेहरा पडला.

"गेला नाय, विझला. विझला म्हंजी चार्जिंग चालू." मामीने मामाच्याच हत्यारांच्या पेटीतला मीटर बॅटरीला लावून त्याच्यापुढं धरला. काटा चौदा व्होल्टच्या वर.

मामाने इंजिन बंद केलं, परत चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग डोळे पुसत म्हणाला, धूर लई झालाय. धूर कुठं होता?

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. मामाने त्यांना चहा पाजला, बोटीतून एक चक्कर मारून आणली आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. जाताना ते मलाच विचारत होते, "मग बोलावलं काहून?"

आज मामीचा फोन होता. बोट सुटायच्या आधी मामा आता सगळ्यांना तो दिवा दाखवतो म्हणे. "हा आधी लागंल, मग विझंल, भ्यायचं नाय. आन् मधीच लागला तर मी लपवणार नाय, माघारी फिरीन. आमच्या घरच्यांनी बसवलाय."

माझ्या स्कूटीचा इंडिकेटर अजून तसाच आहे. डावीकडं वळताना हात बाहेर काढते... आणि दर वळणावर मनातल्या मनात मामीला एक नमस्कार घालते.