पावट्यावरचे ठिपकेदार किडे

महायुद्धाच्या दिवसांत मी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून होतो. बेळगुंदीची शेती थोरले बंधू पाहत. त्यांचा शब्द मी कधी पडताळून पाहिला नव्हता.

एका मार्गशीर्षात घरी गेलो, तेव्हा बांधावरच्या पावट्याला मावा लागला होता. शेंडे काळे, चिकट. त्यांवर लाल, ठिपकेदार किडे फिरत होते. शेजारी काळ्या, खरखरीत अळ्या. बंधू अळ्या चिरडू लागले. मी त्यांचा हात धरला.

"अण्णा, ही त्या किड्यांचीच पिल्लं. मावाच खातात. दोन दिवस बघत बसलोय."

"वखारीत बसून लई शिकलास की रं! किडा राखण करतोय म्हणं."

माव्यावर तंबाखूचे पाणी मारू नका, असे सांगून मी पंधरा दिवस मागितले. तेवढ्यात पावटा सुधारला नाही, तर पुन्हा शेतीत बोलणार नाही, असेही म्हणालो. बंधूंनी शपथेसाठी देवापुढचा भंडारा उचलला. "न्हाय मारत तंबाखूचं पाणी. झालं?"

मी निघताना त्यांनी बैलांच्या गोचिडांसाठी तंबाखूचा चुरा मागितला. मी पोतेभर पाठवला.

ठरल्या दिवशी परतलो. बांधावर पोचण्याआधीच तंबाखूचा वास आला. मावा गेला होता. वेलाखाली ते किडे उताणे पडले होते, अळ्याही. गोठ्यात बैलांच्या अंगावर गोचीड जशीच्या तशी होती.

"चुरा आला त्याच दिवशी पाणी मारलं," बंधू शांतपणे म्हणाले. "पोरीला बघायला पाव्हणं आलतं. काळा पडलेला पावटा दाखवू व्हय त्यास्नी?"

"आणि भंडारा?"

"देव समजून घेतो. तूच तेवढा घेत न्हाईस."

पौषात मावा पुन्हा आला, आधीपेक्षा दाट. या खेपेस त्याला खाणारे कोणी उरले नव्हते. बंधूंनी आणखी एक पोते मागितले. मी नकार दिला. शेंगा भरल्या नाहीत.

शिमग्याला गावी गेलो. पारावर शेजारच्या शेतकऱ्याने हटकले, "काय हो, किड्यांपायी भावाचा पावटा घालवलासा म्हणं?"

ही कथा बंधूंनीच पसरवली होती. ते तेथेच बसले होते, मान खाली घालून पान लावीत. मी त्यांच्याकडे पाहिले. पानाला चुना लावून झाला, सुपारीही कातरून झाली. त्यांनी मान वर केली नाही.

मी जेवणास न थांबता निपाणीची वाट धरली. त्यानंतर आम्ही दोघे एका पंक्तीला बसलो नाही.