देवमनने वगळलेला मोती

नांदगाव खंडेश्वरात भाजी विकणाऱ्या देवमनचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जाई, म्हणून अमरावतीच्या सेवा क्लबाने दवंडी द्यायचं काम त्यालाच सांगितलं. क्लब दर रविवारी एकेका गावात काहीतरी पुण्याचं काम करी. या खेपेला शाळेत मोतीबिंदूची तपासणी होती. पुरेसे रोगी जमले, तरच डॉक्टर शस्त्रक्रियेला पुन्हा येणार होते, आणि देवमनच्या आईला, भागीरथेला, आता ताटातली भाकरही दिसत नव्हती.

पण रविवारी शाळेत तिच्याशिवाय कोणी फिरकलं नाही. डॉक्टर पेटी आवरू लागले.

"काय ओरडला रे तू?" भागीरथेने विचारलं.

"डॉक्टर डोळे काढून देतीन, फुकट!"

"आन् मोतीबिंदू?"

"मोती म्हटलं असतं, तं लोक झोळ्या घेऊन आले असते ना माय!"

भागीरथा चाचपडत डॉक्टरांपुढे बसली. तपासून झाल्यावर भिंतीआडून डोकावत कुजबुजणाऱ्या गावकऱ्यांच्या आवाजाकडे वळून, डोळे विस्फारून म्हणाली, "मोजा! दोन्ही जागेवर हायेत." मग लेकाला म्हणाली, "जाय, आता मोतीसकट सांग."

देवमनने सांगितलं. तासाभरात रांग फाटकाबाहेर गेली. डॉक्टरांनी पेटी पुन्हा उघडली, तेव्हा रांगेतल्या निम्म्या लोकांच्या हातात झोळ्या होत्या.