बांगड्या काढा म्हणायचं काम

हुडकेश्वरकडच्या आमच्या पापडाच्या कारखान्यात सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी बायकांचे हात तपासायचं काम माझं. बांगडी नको, अंगठी नको, पदर खोचलेला, केस टोपीत. अपघाताच्या वेळी काय करायचं याच्या शिबिराला मालकांनी मलाच पाठवलं होतं, म्हणून हेही माझ्याच गळ्यात पडलं. विधवेला द्यायचं काम आहे का हे? आमच्यात फुटलेल्या बांगडीलासुद्धा कोणी 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणतात. आणि मी रोज उठून सवाष्णींना म्हणायचं, काढा!

जुन्या बायका दारात यायच्या आधीच काढून ठेवायच्या. माझी कीव होती की भीती, देव जाणे. पण दुपारी डबा मात्र माझ्यासोबत खायच्या. नवरा गेल्यापासून खोलीवर बोलायला माणूस नाही. दिवसभराचं माझं हसणंबोलणं काय ते त्या अर्ध्या तासात.

मग एक नवी आली. लग्नाला महिना झालेला, दोन्ही हातांत भरगच्च हिरवा चुडा. काम दोन रोलरांमध्ये पिठाचा गोळा सरकवायचं. मी तिचे हात पाहिले, तिनं माझं कपाळ पाहिलं. माझी जीभच उचलेना. 'पदर नीट खोच वं,' म्हटलं आणि पुढे गेले. तीन दिवस हेच. सांगायला लाज वाटते, पण अपशकुनी म्हणवून घ्यायची हिंमत नव्हती माझ्यात.

चौथ्या दिवशी गोळ्याबरोबर बांगडी आत ओढली गेली. किंकाळी ऐकली तशी धावत जाऊन मी लाल बटन दाबलं, रोलर हातानं उलटा फिरवून तिचा हात सोडवला. एक जण मूठभर हळद घेऊन आली.

'हळद नको! सरक बाजूले!' मी खेकसले.

काच मनगटात रुतली होती. ती ओढायची नसते. काचेच्या दोन्ही बाजूंनी स्वच्छ कापड दाबून धरलं, हात वर उचलला. ऑटोत अख्खा रस्ता तसाच धरून बसले.

'काकू, बोटं राहतील न माहे?' ती सारखी विचारत होती.

'राहतील वं,' मी म्हणत होते. आतून माझी राख झाली होती. एका शब्दाचं तर काम होतं.

दवाखान्यात सिस्टर मला म्हणाली, 'हात सुजेल, उरलेल्या बांगड्या लवकर काढा.' मी हात पुढे केला. पोरीनं रक्तानं भरलेला हात छातीशी ओढून घेतला.

'तुम्ही नका काढू, काकू. सिस्टरले काढू द्या.'

मी बाहेर जाऊन उभी राहिले. खूप रडले.

बोटं वाचली. दुसऱ्या दिवशी दारात मी एकेकीला, आधीच काढून आलेल्यांनाही, तोंडानं सांगितलं, बांगड्या काढ. मागून कोणीतरी पुटपुटलं, 'सोताच्या गेल्या, आता आमच्यावर डोळा.'

'हो, गेल्या माह्या,' मी म्हटलं. 'हात आहेत न? तुमचेही राहू द्या. काढा.'

उरल्यासुरल्या काढल्या सगळ्यांनी. पण तेव्हापासून दुपारी माझ्याजवळ कोणी डबा उघडत नाही. मी लांबून बघते. पलीकडे गप्पा मारत, दोन्ही हातांनी भाकरी मोडत जेवत असतात सगळ्या.