कॅथेड्रलचा कुत्रेहाक्या

त्या सकाळी उत्तरेचा वारा अंगाची सालटी काढत होता. अशा थंडीत चुना धरत नाही. म्हणून आम्ही गवंड्यांनी अर्धवट भिंतींच्या माथ्यावर शेण-पेंढा थापला होता आणि खाली देवळातच दगड घडवत बसलो होतो. थोरलं देऊळ, म्हणजे आमचं कॅथेड्रल, माझ्या आज्यापासून बांधतायत. पूर्वेकडं वेदीवर छत चढलं, दगडी फासळ्या माथ्यावरच्या एका दगडात कुलूप बसावं तशा अडकल्या. पश्चिमेकडं अजून नुसतं आभाळ. त्या उघड्या बाजूनं वारा येतो, बर्फ येतं आणि कुत्री येतात.

कुत्री येतात ती पावासाठी. आमच्या कास्तील मुलखात माणसं देवळाच्या फरशीखाली पुरतात आणि बाया मेलेल्यांच्या नावानं त्या फरशीवर पाव ठेवून जातात. म्हणून देवळाला मुन्यो होता. काम कुत्रेहाक्याचं. हातात बैलाच्या कातड्याचा चाबूक, एका पायानं लंगडा, पोटऱ्यांवर दातांचे वण. त्याचा बापही कुत्रेहाक्याच. पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि खाटेला बांधलेला तडफडत मेला. दुसऱ्या दिवशी चौदा वर्षांच्या मुन्योनं चाबूक उचलला, त्याला एकतीस वर्षं झाली. त्याला कुत्र्यांची दया नव्हती आणि गावाला त्याची.

"काय मुन्योदादा, आज किती भक्त हाकलले?" आम्ही विचारायचो.

"अकरा. बारावा तू. ऊठ तिथनं."

त्या दिवशी चेष्टा नव्हती. त्याची आई उर्राका वारली होती. जन्मभर तिनं वेदीची वस्त्रं धुतली, म्हणून पाद्र्यांनी उत्तर दाराजवळची एक फरशी तिला दिली होती. खड्डा आम्हीच खणला. शेजारी फळीवर म्हातारी, कफनात शिवलेली. वेदीवरची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, झाली की माती द्यायची.

मिस्सा अर्ध्यावर असताना गावचा जमीनदार डॉन रामिरो आला. शिकारीवरून थेट. बरोबर तीन चाकर आणि तिसोन नावाचा काळा कुत्रा, वासराएवढा. कुत्रा थडग्यांवरचे पाव खात खात उत्तर दारापाशी पोचला आणि उर्राकाबाईच्या छातीवर पाय देऊन कफन फाडू लागला.

मुन्योनं चाबूक ओढला. पहिला फटका नाकाडावर, दुसरा बरगड्यांवर. तिसोन केकाटत मालकाच्या पायात शिरला.

"माझ्या कुत्र्याला?" डॉन रामिरोनं आवाजसुद्धा चढवला नाही. "हाणा याला."

चाकरांनी मुन्योला खांबाशी घेतला. पहिल्याच ठोशात नाक फुटलं. मी हातोडा घेऊन धावलो, माझ्यामागं आणखी चौघं. तर मुन्योनंच हात आडवा केला. टोपी काढून त्यानं नाकाखाली धरली होती.

"मागं व्हा, रांडेच्यांनो!" टोपीतनं तो घुमला. "रक्त सांडलं तर देऊळ बाटतं!"

आम्ही जागीच थिजलो. देवळात मारामारीचं रक्त फरशीवर पडलं, की देऊळ बंद. बिशप येऊन शुद्ध करेपर्यंत ना मिस्सा, ना माती. आणि बिशप तर राजाबरोबर ग्रॅनाडाच्या लढाईवर. ईस्टरच्या आत परतायचा नाही. म्हणजे म्हातारी वेशीबाहेर मरीच्या खड्ड्यात, दोन वीत मातीखाली. तिथं रात्री कोण उकरतं, हे मुन्योएवढं कुणाला ठाऊक?

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी उभ्यानं पाहिला. एकानं पोटात गुडघा घातला. दुसऱ्यानं चाबकाच्याच दांड्यानं बरगडी मोडली. दांडाही मोडला, आणि तो कडाका वर छतापर्यंत गेला. जबड्यावर लाथ बसली तेव्हा दात निखळले. ते त्यानं गिळले. ओठ गच्च मिटून, टोपी चेहऱ्याला दाबून तो नुसता वाकत होता, घशात गटगट वाजत होतं. वेदीपुढच्या आडभिंतीमागं पाद्री मिस्सा गातच होते.

"ओरडत का नाही रे हा?" डॉन रामिरोनं विचारलं.

"वाचा गेली असंल, मालक," चाकर धापा टाकत म्हणाला.

"मग काय मजा? सोडा."

मुन्यो गुडघ्यांवर उत्तर दाराकडं सरकला. उंबरा ओलांडला आणि बर्फावर तोंड उघडलं. टोपी तिथंच पिळली.

गाणं संपल्यावर पाद्री बेलास्को मेणबत्ती घेऊन आला आणि फरशी न् फरशी तपासू लागला. खांबाशी, माझ्या बुटापाशी वाकला.

"पाय उचल."

"दगडाची भुकटी हाय, पाद्रीबाबा. कामाचे बूट."

"उचल म्हणतो."

उचलला. एक थेंब पडला होता. तो मी टाचेनं भुकटीत मळला होता. पाद्र्यानं मेणबत्ती त्या डागाजवळ नेली, मग फुंकून विझवली. बाहेर मुन्यो खोकत होता.

"भुकटीच आहे," पाद्री उठत म्हणाला. "चला, म्हातारीला खाली घ्या."

मातीच्या वेळी मुन्योच्या तोंडावर फडकं आवळलं होतं, त्याला प्रार्थना म्हणता आली नाही. आम्ही फरशी बसवली, कडेनं चुना भरला. धरणार नाही हे माहीत होतं, तरी भरला. शेजारणीनं वर पाव ठेवला.

तेवढ्यात पश्चिमेकडून एक पिवळी कुत्री नाक वर करून आत आली. मुन्योनं एक हात बरगडीला लावला, दुसऱ्यानं मोडक्या दांड्याचा चाबूक उचलला आणि लंगडत तिच्याकडं निघाला.