भोकं मोजणारे केरबा

उचगावच्या केरबा खाड्यांनी एकतीस वर्षं फौंड्रीत एकच काम केलं, ओतीव लोखंडातली भोकं शोधायचं. रस ओतताना आत गॅस अडकला की कास्टिंगमध्ये पोकळी राहते. केरबा हातोडीनं ठोकायचे, कान द्यायचे आणि खडूनं खूण करायचे. बरोबरची खूण म्हणजे माल पुढं, फुली म्हणजे पुन्हा भट्टीत. रिटायर झाले तरी खडू खिशात राहिला आणि खोड अंगात. पावण्यांकडं जेवायला गेले तरी ताट आधी वाजवून बघत.

असल्या माणसाच्या पोरीनं, अनुजानं, विद्यापीठात ताऱ्यांमधल्या वायूवर संशोधन करावं, हा दैवाचा वात्रटपणाच. दुर्बीण नाही, काही नाही. समीकरणं मांडायची आणि कॉम्प्युटरमध्ये दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचं अख्खं गाव, वाढवून बघायची. एकदा पडद्यावर ती भोकाभोकांची दीर्घिका बघून केरबांनी निकाल दिला, "गॅस धरलाय हिनं. रिजेक्ट."

अनुजा हसून बेजार झाली. मग तिनं समजावलं, मोठे तारे मरताना फुटतात आणि भोवतीचा वायू लांब ढकलतात, तीच ही भोकं. त्यांच्या काठाला वायू दाटतो, तिथं नवे तारे जन्मतात. हे ढकलणं नसतं तर सगळा वायू एका दमात तारे होऊन संपला असता. केरबांना काही पटेना. जन्मभर ज्याला फुली मारली, ते वर आभाळात चांगलं कसं? मग खऱ्या दीर्घिकेत भोकं किती, तुझ्या दीर्घिकेत किती, केवढी, हे मोजलंस का, म्हणून ते रोज जेवताना तिच्या मागं लागले. कटकट नको म्हणून तिनं अखेर मोजलीच.

पीएचडीच्या व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, दिवस आला. पाच वर्षांच्या कामाचा निकाल तासाभरात लागणार होता. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं, त्यामुळं अनुजाला परीक्षकांपेक्षा वडिलांचीच धास्ती. तोंड उघडायचं नाही अशी शपथ घालून तिनं त्यांना मागच्या बाकावर बसवलं.

बाहेरगावचे परीक्षक शांतपणे म्हणाले, "चित्र देखणं आहे. पण खऱ्या दीर्घिकेसारखं दिसतं म्हणून ते खरं कसं मानायचं?"

 अनुजाचं पाठ केलेलं सगळं क्षणात पुसलं गेलं. लेकीचा पडलेला चेहरा केरबांना बघवेना. मागचं बाक करकरलं आणि शपथ मोडली.

"अनू, भोकं मोजलीस न्हवं? मग सांग की त्यास्नी."

सगळे हसले. अनुजानंही हसत मोजणीचा तक्ता उघडला. खऱ्या दीर्घिकांचे आकडे एका बाजूला, तिचे दुसऱ्या. परीक्षकांनी दोन्हीकडचे आकडे ताडून बघितले आणि पटल्यासारखी मान डोलावली. संध्याकाळच्या आत ती डॉक्टर अनुजा खाडे झाली.

घरी आल्यावर केरबांनी काळ्या पुठ्ठ्याचा जाडजूड प्रबंध मांडीवर घेतला. बोटानं ठोकला, कान दिला. ऊर भरून आला होता, पण काम ते काम. खिशातला खडू काढून त्यांनी पुठ्ठ्यावर बरोबरची खूण केली.

ती पुसली जाऊ नये म्हणून अनुजानं प्रबंधाला प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय.