रिकाम्या खुर्चीपुढची साक्ष

कोर्टाचा मला राग आहे आणि तो या जन्मात जाईल असं वाटत नाही. आमच्या तालुक्याच्या कोर्टात दोन वर्षं जजच नव्हता. जुन्याची बदली झाली, नवा आला नाही. बाकी शिपाई, कारकून, वकील सगळे जागच्या जागी. पुकारा व्हायचा, कारकून पुढची तारीख सांगायचा आणि लोक वर त्याला "उपकार झाले साहेब" म्हणायचे. उपकार कसले, डोंबलाचे!

माझी आत्या त्याच लोकांतली. नवरा गेल्यावर तिच्या दिरानं धानाच्या शेतातला धुरा, म्हणजे बांध, सरकवला आणि अर्धं शेत आपलं म्हणू लागला. आत्यानं दावा लावला. दीर स्वतः राहतो ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरात, पंख्याखाली. भावाभावांची वाटणी तोंडी झालेली. ती डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस उरला होता, जंगलातल्या गावचा एक गोंड म्हातारा. धुऱ्याचे दगड त्यानंच रोवले होते.

पहिल्याच तारखेला तो आला, आधी पायी, मग एसटीनं. पुकारा झाला तसा उठला, रिकाम्या खुर्चीपुढे उभा राहिला आणि बोलू लागला. कोणत्या झाडापासून कोणत्या नाल्यापर्यंत, कोणता दगड कुठे, सगळं. कारकून म्हणाला, "बाबा, साहेब नाहीत." म्हातारा थांबला नाही. वकील हसू दाबत होते. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते. बोलून झाल्यावर त्यानं खुर्चीला जोहार केला आणि गावी गेला.

मग मी डोकं चालवलं. आमच्या ग्रामसभेत ठराव मांडला की कोर्टातली रिकामी जागा ताबडतोब भरावी. हात वर करून मतं घेतली. आत्याचा दीर त्या दिवशी मुद्दाम गावात आला होता, त्याचा एकट्याचा हात खाली. ठराव पास झाला, वर गेला. काही महिन्यांनी उत्तर आलं, विषय ग्रामसभेच्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्याचा धुरा सरकवणं तेवढं अखत्यारीत येतं वाटतं!

शेवटी जज आले, आमच्यामुळे नव्हे, त्यांच्या सवडीनं. साक्षीची तारीख लागली. मी म्हाताऱ्याला आणायला गेलो. तो अंगणात मोहफुलं वाळत घालत होता.

"चला भाऊ, जज आले."

"मी सांगतलं न एकडाव."

"तव्हा ऐकाले कोनी नोहोतं ना!"

"खुर्ची होती, लोकं होते. आमच्या गावात चारचौघांत सांगतलेलं पुन्हा इचारलं, म्हंजे मानसाले खोटा म्हटलं. मी खोटा हाव का?"

मी विनवलं, मग भांडलो. तो उठून घरात गेला.

आमचे वकील म्हणाले, समन्स काढू. तरी नाही आला तर वॉरंट, पोलीस आणतील उचलून.

"नाई," आत्या म्हणाली. "माह्यासाठी खरं सांगून गेला तो. त्याले पोलिसाच्या गाडीत घालू काऊन? शेतासाठी?"

मी तिच्यावर कोर्टाच्या आवारात ओरडलो. ती जागची हलली नाही.

दावा फेटाळला गेला. निकालाची नक्कल माझ्याकडे आहे. तिच्यात लिहिलंय, वाटणीबाबत वादीच्या बाजूनं कोणीही काही सांगितलेलं नाही.